'बचाव सुधारला' म्हणजे नक्की काय सुधारलं? टेकनच्या उदाहरणातून मोजमापाचा एक धडा

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की पीएचडी सोडून भलतंच काहीतरी चाललंय. पण थोडा धीर धरा.

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बहुतेकांच्या उद्दिष्टांत एक वाक्य हमखास असतं: 'अमुक प्रशिक्षणामुळे तमुक कौशल्यात सुधारणा होते का, याचा अभ्यास करणे.' वाक्य ठीक आहे. पण आरआरसीपुढे बसल्यावर पहिला प्रश्न येतो, "सुधारणा मोजणार कशी?" आणि तिथे आपण "प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट आणि टी-टेस्ट" म्हणून मोकळे होतो. हे उत्तर किती अपुरं आहे ते दाखवायला मला फायटिंग गेमइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही. कारण इथे सगळं मोजलेलंच असतं. हल्ला किती वेळात पोहोचतो, तो चुकला तर किती वेळ हात अडकतो, हे सगळं फ्रेममध्ये माहीत असतं. तरीही 'माझा बचाव सुधारला का?' या साध्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं काढणं अगदी सोपं आहे.

ज्यांनी टेकन कधीच खेळलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी दोन मिनिटांत नियम सांगतो.

खेळ कसा चालतो

टेकनमध्ये दोन पात्रं समोरासमोर उभी असतात. हल्ल्यांचे ढोबळमानाने तीन थर: हाय, मिड आणि लो. उभं राहून ब्लॉक केलं तर हाय आणि मिड अडतात, लो लागतो. खाली बसून ब्लॉक केलं तर लो अडतो, हाय डोक्यावरून जातो, पण मिड लागतो. म्हणजे एकाच वेळी सगळं अडवेल अशी स्थिती खेळात नाही. बचाव करणाऱ्याला सतत निवड करावी लागते.

खेळ सेकंदाला 60 फ्रेमने चालतो. म्हणजे 1 फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. सर्वांत जलद ठोसा, ज्याला जॅब म्हणतात, तो बहुतेक पात्रांचा 10 फ्रेमचा असतो, म्हणजे 167 मिलिसेकंद. आता माणसाकडे बघा. दिवा लागला की बटण दाबा, एवढंच काम दिलं तरी डोळ्यांनी बघून प्रतिसाद द्यायला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 12 ते 15 फ्रेम. त्यात स्क्रीन आणि कंट्रोलरचा विलंब वेगळाच.

थोडक्यात, जॅब बघून अडवणं माणसाच्या शरीराला शक्यच नाही. जो अडवतो तो आधीपासूनच ब्लॉक धरून बसलेला असतो.

आणि हा झाला सोपा प्रतिसाद. पर्याय वाढले की वेळ वाढतो. 1952 मध्ये हिक आणि 1953 मध्ये हायमन यांनी दाखवलं की पर्यायांची संख्या वाढते तसा प्रतिसादाचा वेळ त्या संख्येच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढतो. हायमनच्या कामात आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती: जो संकेत वारंवार येतो, त्याला माणूस लवकर प्रतिसाद देतो. म्हणजे समोरच्याची सवय माहीत असेल तर तुमचे डोळे तेच असूनही तुम्ही 'जलद' होता.

बघून की ओळखून?

म्हणून पहिला फरक लक्षात ठेवा. बचाव दोन प्रकारचा असतो: बघून केलेला आणि ओळखून केलेला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

याचं गाजलेलं उदाहरण 2004 च्या इव्हो स्पर्धेतलं आहे, कॅलिफोर्नियातलं. गेम स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक. डायगो उमेहाराच्या पात्राची ताकद इतकी संपत आली होती की साधा ब्लॉक केला असता तरी झिजून तो हरला असता. समोरून जस्टिन वाँगने 15 फटक्यांचा सुपर सोडला. डायगोने ते सगळे फटके एकामागून एक 'पॅरी' केले, म्हणजे प्रत्येक फटका लागायच्या क्षणी स्टिक पुढे ढकलून तो निष्प्रभ केला, आणि उलट मारून तो सामना जिंकला. लोक याला 'काय रिफ्लेक्स आहेत!' म्हणतात. पण पहिल्या पॅरीसाठी सुपर सुरू झालेला बघून हलायला वेळच नव्हता, हालचाल जवळपास आधीच करावी लागते. पुढच्या फटक्यांचा ठेका पाठ असावा लागतो. म्हणजे जे दिसलं त्यात प्रतिक्षिप्त वेग कमी होता आणि अंदाज व स्मरण जास्त. (पुढे अंतिम फेरीत डायगो हरला, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.)

खेळांच्या मानसशास्त्रात हे जुनं सूत्र आहे. ऍबरनेथी आणि रसेल यांनी 1987 मध्ये बॅडमिंटनवर केलेल्या कामात, फटक्याची चित्रफीत वेगवेगळ्या क्षणी तोडून शटल कुठे पडेल ते खेळाडूंना विचारलं. तरबेज खेळाडू रॅकेटच्या आधी हाताच्या हालचालीतून माहिती उचलत होते. आपल्याकडे खो-खो खेळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हूल ओळखायची ती पायावरून, आणि पाय पडल्यावर ओळखली तर उशीर झालेला असतो.

मग तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'रिअॅक्शन टाइम सुधारतो' असं लिहिलंय की 'अंदाज सुधारतो' असं? दोन्हींची मोजमापं वेगळी आहेत.

60 वरून 80 टक्के, आणि तरी सुधारणा शून्य

आता मुख्य मुद्दा. काही लो हल्ले मुद्दाम हळू ठेवलेले असतात, 25 फ्रेमच्या आगेमागे. ते बघून अडवणं जमू शकतं, पण जेमतेम. असे लो ओळखण्याचा सराव एका खेळाडूने दोन आठवडे केला असं समजा. आकडे मी हिशोबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.

सरावाआधी 50 लोपैकी 30 अडवले. सरावानंतर 50 पैकी 40. म्हणजे 60 टक्क्यांवरून 80 टक्के. टी-टेस्ट लावा, पेपर लिहा, मोकळे व्हा.

थांबा. त्याच चाचणीत 50 मिडही आले होते. त्यांचं काय झालं? सरावाआधी 50 मिडपैकी 10 वेळा तो चुकून खाली बसला. सरावानंतर 20 वेळा. म्हणजे चुकीचं बसणं 20 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेलं.

एकूण बरोबर उत्तरं मोजा. आधी 30 लो आणि 40 मिड, मिळून 100 पैकी 70. नंतर 40 लो आणि 30 मिड, पुन्हा 70. तो लो ओळखायला शिकलेला नाही. तो जास्त वेळा खाली बसायला शिकलाय.

यासाठी सिग्नल डिटेक्शन थिअरी नावाचं साधन आहे. रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसता गोंधळ, अशा प्रश्नांतून ते वाढलं, आणि ग्रीन व स्वेट्स यांच्या 1966 च्या पुस्तकामुळे मानसशास्त्रात रुळलं. त्यात दोन गोष्टी वेगळ्या काढतात. पहिली संवेदनक्षमता, म्हणजे दोन संकेतांतला फरक तुम्हाला किती कळतो. तिला डी-प्राइम म्हणतात. दुसरा निकष, म्हणजे शंका आली की तुमचा कल कुठे झुकतो.

हिशोब अवघड नाही. बरोबर ओळखण्याचं प्रमाण घ्या, त्याचा झेड काढा. चुकीच्या बसण्याचं प्रमाण घ्या, त्याचा झेड काढा. पहिल्यातून दुसरा वजा करा.

सरावाआधी: 0.60 चा झेड 0.25, 0.20 चा झेड उणे 0.84. वजाबाकी 1.09.
सरावानंतर: 0.80 चा झेड 0.84, 0.40 चा झेड उणे 0.25. वजाबाकी 1.09.

डी-प्राइम जसाच्या तसा. हललाय तो फक्त निकष. हा हिशोब साध्या स्प्रेडशीटमध्ये होतो, त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पण एक अट आहे: मिडची नोंद तुम्ही ठेवलेली असली पाहिजे. फक्त लोच मोजले असते तर ही गोष्ट नंतर कुठल्याही संख्याशास्त्राने सापडली नसती. डेटा गोळा करण्याआधी विचार करायचा तो यासाठी.

हाच सापळा तुमच्या विषयातही असतो. एक्स-रेवरून क्षय ओळखण्याचं प्रशिक्षण, पिकावरची कीड ओळखणारं मॉडेल, परीक्षेतली कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर: 'किती पकडले' याच्या शेजारी 'किती निरपराध पकडले' हा रकाना नसेल तर सुधारणेचा दावा टिकत नाही.

मग खाली बसायचं तरी किती?

निकष हलणं नेहमी वाईटच असतं का? नाही. ते चुकीची किंमत किती यावर ठरतं. पुन्हा सोयीचे आकडे घेऊ. उभे असताना लो लागला तर 15 गुणांचं नुकसान. खाली बसल्यावर मिड लागला तर माणूस हवेत उडतो आणि कॉम्बो बसतो: 60 गुणांचं नुकसान. लो अडवला तर उलट मारून आपल्याला 30 मिळतात. मिड उभ्याने अडवला तर कोणालाच काही नाही.

हल्ला इतका जलद आहे की बघून काही कळत नाही, असं धरा. मग हा शुद्ध अंदाजाचा खेळ झाला आणि फॉन नॉयमनने 1928 मध्ये मांडलेलं मिनिमॅक्सचं गणित इथे लागू पडतं. बचाव करणाऱ्याने असं प्रमाण निवडायचं की हल्लेखोराला मिड आणि लो दोन्ही सारखेच वाटावेत. खाली बसण्याचं प्रमाण 'प' धरा. मिड मारला तर हल्लेखोराला सरासरी 60प मिळतात. लो मारला तर 15(1−प) − 30प. दोन्ही समान ठेवले की प = 15/105, म्हणजे 1/7.

सातातून एकदाच खाली बसायचं! अनुभवी खेळाडू नवख्यांना सांगतात की छोटे लो खा, पण उठून उभे राहा, त्यामागचं गणित हे आहे. आता आपल्या दोन आठवडे सराव केलेल्या गड्याकडे परत जा. सरावाआधी लोचं नुकसान 300, मिडचं 600, उलट मारून मिळालेले 900. हिशोब बरोबरीत. सरावानंतर 150 अधिक 1200, वजा 1200. म्हणजे 150 गुणांनी तोटा. '80 टक्के लो अडवणारा' खेळाडू आधीपेक्षा जास्त मार खातोय.

आणखी एक गोष्ट बघा. अगदी अचूक 1/7 खेळलात तरी प्रत्येक अंदाजाला सरासरी 60/7, म्हणजे साधारण 8.6 गुण जातातच. अंदाज कितीही चांगला असला तरी तो तोट्याचा सौदा आहे. मग चांगले खेळाडू करतात काय? ते अंदाज करायची वेळच येऊ देत नाहीत. इथे हालचाल येते.

सरकण्याचं काम

टेकनमध्ये मागे दोनदा दाबलं की पात्र मागे उडी घेतल्यासारखं सरकतं, याला बॅकडॅश म्हणतात. पण लागोपाठ दुसरा बॅकडॅश लगेच निघत नाही, पहिल्याची हालचाल पूर्ण व्हावी लागते. त्यावरचा उपाय म्हणजे कोरियन बॅकडॅश: बॅकडॅश निघाला की स्टिक क्षणभर खाली-मागच्या तिरक्या कोपऱ्यात न्यायची, म्हणजे बसण्याच्या सुरुवातीने आधीची हालचाल तुटते. तिथून मागे, मग मध्ये, मग पुन्हा मागे. दुसरा बॅकडॅश सुरू. कोरियन खेळाडूंमुळे हे नाव पडलं.

दुसरी हालचाल साइडस्टेप. वर टिचकी दिली तर पात्र पडद्याच्या आतल्या बाजूला सरकतं, खाली टिचकी दिली तर आपल्याकडे. सरळ रेषेतले हल्ले बाजूने निघून जातात. मात्र 'होमिंग' हल्ले पाठलाग करतात, आणि कोणता हल्ला कोणत्या बाजूने चुकतो हे पात्रागणिक बदलतं.

हल्ला हवेत गेला की मारणारा काही फ्रेम अडकतो आणि तेवढ्यात तुम्ही मारू शकता. म्हणजे 8.6 चा तोटा सहन करण्याऐवजी तुम्ही खेळाचं कोष्टकच बदललं.

लाहोरचा अर्सलान ऍश 2019 मध्ये आधी जपानमधल्या आणि मग लास वेगासमधल्या इव्होत टेकन 7 जिंकला, तेव्हा त्याच्या हालचालीची आणि बचावाची खूप चर्चा झाली. पण इथेही सावध राहा. 'विजेत्याची हालचाल चांगली आहे, म्हणून हालचालीमुळे विजय मिळतो' हे अनुमान घाईचं आहे. उत्तम हालचाल असलेले आणि पहिल्याच फेरीत बाद झालेले किती, हे आपण मोजलेलं नाही. विजेत्यांचा नमुना घेऊन कारण ठरवता येत नाही.

सराव कसा करायचा, आणि तो कसा तपासायचा

कोरियन बॅकडॅश एकट्याने सराव करून येतो. वातावरण बदलत नाही, फक्त हात बसवायचा असतो. पूल्टनने 1957 मध्ये कौशल्यांचे 'बंद' आणि 'खुले' असे भाग केले होते, त्यातलं हे बंद कौशल्य. पण कधी सरकायचं हे खुलं कौशल्य आहे, ते समोरच्यावर अवलंबून आहे. एकट्याने तासभर मागे-पुढे सरकणाऱ्याचा सामन्यात भोपळा का होतो, याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं.

दुसरं, सरावाची मांडणी. शे आणि मॉर्गन यांनी 1979 मध्ये लाकडी अडथळे ठराविक क्रमाने पाडण्याच्या कामावर प्रयोग केला. एका गटाने एकेक क्रम सलग घोटला, दुसऱ्याने सगळे क्रम मिसळून केले. सरावाच्या वेळी सलग घोटणारे पुढे होते. पण काही काळाने आठवण तपासली आणि नवीन क्रम दिला, तेव्हा मिसळून करणारे पुढे निघाले. म्हणजे सरावात दिसणारी प्रगती आणि शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गेममध्ये हे करून बघणं सोपं आहे. प्रॅक्टिस मोडमध्ये समोरच्या पुतळ्याच्या हालचाली रेकॉर्ड करता येतात आणि त्या कोणत्याही क्रमाने सोडता येतात. एक मिड, एक हळू लो आणि एक सरळ रेषेतला हल्ला रेकॉर्ड करा आणि मिसळून सोडा. सुरुवातीला खूप मार बसेल. बसू द्या.

यावर छोटा अभ्यास आखायचा झाला तर या गोष्टी लिहून ठेवा:

1. सगळ्यांसाठी एकच स्क्रीन आणि एकच कंट्रोलर. दोन-तीन फ्रेमचा विलंबसुद्धा 25 फ्रेमच्या हल्ल्यात खूप असतो.
2. लोबरोबर मिडचीही नोंद. डी-प्राइम आणि निकष वेगवेगळे कळवा.
3. चाचणी सराव संपल्या संपल्या घ्याच, पण आठवड्याने पुन्हा घ्या.
4. सरावात नसलेलं पात्र घेऊन एक चाचणी. कौशल्य पुढे सरकलं की तेवढेच तीन हल्ले पाठ झाले, हे तिथे कळतं.
5. सराव न करणारा एक गट. फक्त 'बचाव फार वाईट' असलेले खेळाडू निवडले तर दुसऱ्या चाचणीत ते आपोआपच सरासरीकडे सरकतात, आणि श्रेय तुमच्या प्रशिक्षणाला जातं.
6. होस्टेलमधले मित्र असले तरी लेखी संमती, आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी डेटा घेण्याआधी. नंतर मागितलेली चालत नाही.

हे सहा मुद्दे गेमसाठी लिहिलेत, पण 'लो' आणि 'मिड' पुसून तुमच्या विषयातले शब्द घाला, बहुतेक सगळे तसेच लागू पडतील.

आता एक गृहपाठ. तुमच्या उद्दिष्टातलं 'सुधारणा' असलेलं वाक्य वहीत काढा. त्याखाली एका ओळीत लिहा: काहीही न शिकता, फक्त कल बदलून, हा आकडा वाढू शकतो का? उत्तर 'हो' असेल तर घाबरू नका. नोंदवहीत आणखी एक रकाना वाढवायचा आहे, एवढंच. पण तो आज वाढवा. डेटा गोळा झाल्यावर तो रकाना भरता येत नाही.